शिक्क्याखाली गेलेली तारीख

सरकारी नोटीस कशी वाचायची असं कुणी मला विचारलं, तर मी सांगते, खालून वर वाचा. वर खात्याचं नाव असतं, जावक क्रमांक असतो, एकापासून सहापर्यंत संदर्भ असतात आणि मग 'या प्रकटनाद्वारे सर्व शेतकरी बांधवांस कळविण्यात येते की' सुरू होतं. तिथवर पोचेपर्यंत माणूस दमतो आणि चष्मा खिशात ठेवून घरी जातो. खरी गोष्ट शेवटच्या दोन ओळींत असते. कधीपर्यंत यायचं आणि येताना काय काय आणायचं. हे शहाणपण मी नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडे नव्हतं. ते कसं आलं, तेच इथं लिहिते आहे.

मी कर्नाटक सरकारच्या कृषी खात्यात सहायक कृषी अधिकारी होते. नोकरीतली बरीचशी वर्षं निपाणीजवळच्या एका रयत संपर्क केंद्रात गेली. आमच्याकडे तालुक्याचे होबळी म्हणून भाग असतात, आणि प्रत्येक होबळीला असं एक केंद्र असतं. सवलतीचं बियाणं, औषधं, फवारणीचे पंप तिथं मिळतात. कुठली योजना आली, कुठल्या योजनेची मुदत संपली, हेही तिथंच कळतं, किंवा कळायला हवं. मी आठवडाभर निपाणीत खोली घेऊन राहायची आणि शनिवारी संध्याकाळी बेळगावात अनगोळला घरी यायची.

केंद्राच्या व्हरांड्यात नोटिसांचा बोर्ड होता. नोटिसा येत कन्नडमध्ये. त्यात वावगं काही नाही, राज्याचा कारभार त्या भाषेत चालतो. आमच्या भागात बाजारापुरतं कन्नड सगळ्यांनाच येतं. जैन शेतकऱ्यांची घरं तर दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलतात. पण नोटिशीतलं कन्नड बेंगळूरहून येतं. ते कन्नड शाळेत शिकलेल्यालाही जड जातं, मग वेदगंगेच्या काठच्या मराठी शाळेत चौथी झालेल्या माणसाचं काय सांगावं. मी स्वतः मराठी शाळेत शिकलेली. खात्याची कन्नड परीक्षा दिली तेव्हा कुठं ती भाषा माझ्या हाताला लागली. एवढं असूनही, नोटीस आली की शिक्का मारायचा, सही करायची, चार टाचण्या टोचायच्या, की आपलं काम झालं, असं मी सुरुवातीला धरून चालले होते.

त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी सवलतीच्या सोयाबीन बियाण्याच्या नोंदणीची नोटीस आली. मी ती लावली. गावोगावचे शेतकरी येऊन नोंदणी करून गेले. शनिवारी मुदत संपली. उरलेला साठा आमच्या केंद्राच्या साहेबांनी त्याच संध्याकाळी शेजारच्या होबळीला पाठवून दिला, कारण तिथं कमी पडत होता.

सोमवारी सकाळी केंद्राच्या दारात एक टेम्पो थांबला. त्यातून चौदा माणसं उतरली. पुढं होते सुभेदार. पलटणीतून निवृत्त होऊन गावी शेती करणारे, मिशा पांढऱ्या, चालणं अजून कवायतीचं. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण लिहिलं तर सुभेदारांचा फोन येईल. नदीकाठचं एक गाव, एवढं पुरे.

"मॅडम, चौदा जणांची नावं लिवून घ्या," सुभेदार म्हणाले. "कागदं समदी आणल्यात."

"सुभेदार, नोंदणी शनिवारी संपली."

"संपली कशी? मी सोता वाचलोय की. अवकाश हाय म्हणून लिवलंय."

ते मला हाताला धरल्यासारखं बोर्डापाशी घेऊन गेले. एसटीच्या पाट्या वाचून वाचून त्यांनी कन्नड अक्षरं शिकून घेतली होती आणि त्याचा त्यांना सार्थ अभिमान होता. त्यांनी नोटिशीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर सुटं करून वाचलं. अ, व, का, श.

वाचलं बरोबर होतं. शब्दही तोच होता. पण मराठीत 'अजून अवकाश आहे' म्हणजे सवड आहे, घाई नको. कन्नडमध्ये अवकाश म्हणजे संधी. आणि त्या शब्दाच्या आधी होतं 'कोनेय', म्हणजे शेवटची. नोटीस म्हणत होती की ही शेवटची संधी आहे. सुभेदारांनी गावात जाऊन सांगितलं होतं की सवड आहे, निवांत जाऊ, सोमवारी टेम्पो करू.

मी हे समजावून सांगितलं तेव्हा मागचे तेरा चेहरे सुभेदारांकडे वळले. सुभेदारांनी मान खाली घातली नाही. ते म्हणाले, "बरं. शब्द माझा चुकला. मग तारीख कुटं हाय, ती दावा."

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिथंच थांबले. तारखेवर बरोबर मधोमध आमच्या केंद्राचा जांभळा गोल शिक्का बसला होता. तो मीच मारला होता. तारखेचे आकडे त्या शाईत बुडून गेले होते.

"ही तुमास्नी दिसती व्हय, मॅडम?" सुभेदारांनी विचारलं.

मला दिसत नव्हती. मला ती पाठ होती.

साहेब आत बसले होते. धारवाडकडचे, वागायला सरळ, नियमाला कडक. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "साठा गेला. आता माझ्या हातात काही नाही." ते खरंच होतं. बाहेरच्या दुकानांतही त्या वर्षी चांगलं बियाणं वेळेवर मिळेल याची खात्री नव्हती. पाऊस आठ-दहा दिवसांवर आला होता. सोयाबीनची पेरणी पंधरवडा लांबली तर पुढं शेंगा भरताना पाणी कमी पडतं, आणि त्या गावात बहुतेकांचं खरिपाचं पीक सोयाबीनच. चौदा माणसं टेम्पोत बसून परत गेली. कुणी भांडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी मी ती नोटीस काढायला बोर्डापाशी गेले. टाचण्या काढल्या तर तिच्याखाली आणखी एक कागद निघाला. पिवळा पडलेला, कडा कुरतडलेल्या. तीही खात्याचीच सूचना होती, मागच्या वर्षीची, आणि मीच लावलेली. 'सोयाबीनचे घरचे बियाणे वापरण्याबाबत.' उभ्या उभ्या मी ती पहिल्यांदा नीट वाचली, हे कबूल करायला हवं. सोयाबीनचं बी सरळ वाणाचं असतं. एकदा प्रमाणित बियाणं घेतलं की त्यापासून आलेलं धान्य पुढची दोन-तीन वर्षं बी म्हणून पेरता येतं. दरवर्षी नवीन पिशवी घ्यायलाच हवी असं नाही. अट एकच, पेरायच्या आधी उगवण तपासायची. शंभर दाण्यांतले सत्तर उगवले तर बी चांगलं. कमी उगवले तर एकरी बी वाढवायचं, आणि फारच कमी असतील तर ते बी नाही, नुसतं धान्य समजायचं.

शेतकऱ्यांच्या अडचणीवरचं उत्तर आमच्याच बोर्डावर नोटिसांखाली वर्षभर पडून होतं.

मंगळवारी सकाळी मी बसनं त्या गावात गेले. सुभेदारांनी डेअरीच्या कट्ट्यावर माणसं जमवली. मी सांगितलं, प्रत्येकानं घरातल्या पोत्यातलं मूठभर सोयाबीन आणा. वरचं नको, पोत्याच्या मधलं आणा. त्यातले न निवडता शंभर दाणे मोजायचे. निवडून घेतले तर आपण आपल्यालाच फसवतो. ओल्या गोणपाटावर दहा दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट घालायचं, गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी उघडायचं आणि कोंब मोजायचे. यात सरकारी असं काही नाही. पण लोक असे बघत होते, जणू मी बोर्डाच्या परीक्षेचे पेपर वाटते आहे.

चौदा गुंडाळ्या झाल्या. डेअरीच्या मागच्या पडवीत त्या ओळीनं ठेवल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधली. पंधरावी गुंडाळी घेऊन एक बाई आली. साठीच्या आसपासची, अंगानं बारीक, आवाज मात्र रानातून गावात ऐकू येईल असा.

"माझी बी ठेवा," ती म्हणाली. "मी काय त्या टेम्पोत न्हवतो, पर तपासून घ्यायला काय जातंय."

ही हौसाक्का. आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी बेळगावात कॅम्पात दिलेली, जावई मिलिटरीत. रस्त्याकडेचं रान ती एकटी करायची. सोयाबीन मळणी यंत्रात न घालता काठीनं झोडायची, पोती लाकडी फळ्यांवर ठेवायची आणि त्या पोत्यांवर कुणाला बसू द्यायची नाही. मुलगी माहेरी आली आणि चुकून पोत्यावर टेकली, तर तिलाही उठवायची. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ. पोतं आपटलं, त्यावर बसलं, एकावर एक रचलं की दाणा बाहेरून चांगला दिसतो आणि आतून मेलेला असतो. हे आम्ही पुस्तकात वाचलेलं. हौसाक्कानं ते कुठं वाचलं नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही गुंडाळ्या उघडल्या. अर्धं गाव पडवीत होतं. मी मोजत होते आणि सुभेदार वहीत लिहीत होते. कुणाचे बावन्न, कुणाचे साठ, एकाचे एकोणतीस. सुभेदारांची गुंडाळी उघडली. मी दोनदा मोजले. एक्केचाळीस.

सुभेदारांनी आकडा स्वतःच्या हातानं लिहिला. "निम्म्याच्या वर पलटण गैरहजर," ते म्हणाले. कारण नंतर कळलं. त्यांनी पोती कोठीत छपरापर्यंत एकावर एक, अगदी ओळंब्यात रचली होती.

शेवटी हौसाक्काची. गोणपाट उलगडलं तसे पांढरे कोंब ओळीनं उभे राहिलेले दिसले. सत्त्याऐंशी.

"आक्का, किती पोती हाईत?" कुणीतरी विचारलं.

"हाईत की," हौसाक्का म्हणाली. "गावाला पुरतील. बी घ्या आणि तेवढ्याच मापानं तुमचं सोयाबीन मला द्या. मी ते बाजारात घालतो. सुभेदारास्नी मात्र देणार न्हाय."

मला वाटलं जुनं काही भांडण असेल. होतंच, बांधावरून, पण तिनं ते काढलं नाही. ती म्हणाली, "त्येंनी गावाला काय सांगिटलं? सवड हाय. चौदा घरं त्येंच्या शब्दावर बसली. आता हितं कट्ट्यावर उभं ऱ्हाऊन म्हणू देत की माझं वाचन चुकलं. मग पहिलं माप त्येंचं."

सुभेदारांचा चेहरा बघवत नव्हता. ज्यानं आयुष्यभर हुकूम दिले-घेतले, त्याला गावासमोर असं म्हणायचं. ते कट्ट्यावर चढले. मीही चढले. त्यांच्या शेजारी उभं राहून म्हटलं, "यांचा शब्द चुकला आणि माझा शिक्का चुकला. तारीख मी झाकली."

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं, मग लोकांकडं. "माझं वाचन चुकलं," ते म्हणाले. "ह्याच्यापुढं मॅडमना इचारल्याबिगर मी कायबी वाचणार न्हाय." हौसाक्का तोवर माप आणायला गेलीही होती.

त्या गावानं जमीन पुरती भिजल्यावर वेळेत पेरलं. उगवण इतकी एकसारखी झाली की नदीपलीकडचे लोक बघायला आले. सवलतीचं बियाणं घेतलेल्या गावांचंही चांगलंच उगवलं, ते काही कमी नव्हतं. पण हे घरचं होतं, आणि लोक त्याकडं जरा जास्त वेळ बघत होते.

पुढच्याच आठवडी बाजाराच्या दिवशी सुभेदार वही-पेन घेऊन व्हरांड्यात हजर झाले. म्हणाले, "वाचा." मी त्या आठवड्यातल्या नोटिसा काढल्या आणि मराठीत वाचून दाखवल्या. मग ते दर बाजाराला येऊ लागले. हौसाक्का भाजीची पिशवी घेऊन यायची. बघता बघता तीस-चाळीस माणसं बसायला लागली. मी आधी शेवटच्या दोन ओळी सांगायची, मग वरचं. सुभेदार गावी जाऊन डेअरीच्या फळ्यावर, दुधाच्या फॅटच्या दराखाली, तेवढ्याच दोन ओळी खडूनं लिहायचे.

लोकांचे प्रश्न ऐकले की कळायचं आपण किती गृहीत धरतो. 'कड्डाय' हा कन्नड नोटिशीतला लाडका शब्द. अर्थ, सक्तीचं. 'आधार कड्डाय' असं लिहिलेलं वाचून एक गृहस्थ आधार कार्डाला चारी बाजूंनी सोनेरी कडा लावून, फ्रेम करून घेऊन आले होते. मी हसले नाही. घरी आल्यावर हसले.

साहेबांना हे फारसं पसंत नव्हतं. एकदा त्यांनी मला आत बोलावलं.

"एन्री इदु?" म्हणजे काय चाललंय हे. "बोर्डावर दुसऱ्या भाषेतला कागद लावायची मला परवानगी नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"मी काही लावलेलं नाही, सर. मी बोलते."

"बोलण्याबद्दल नियम नाही," ते म्हणाले. "पण काम अडता कामा नये." मी जेवणाच्या सुट्टीत वाचायला लागले.

दोन वर्षांनी हौसाक्कावर खरी वेळ आली. एव्हाना ती नुसती बी देणारी राहिली नव्हती. खात्याच्या बीजोत्पादन कार्यक्रमात मी तिचं नाव घातलं होतं. तिच्या रानातलं सोयाबीन पुढच्या वर्षी आजूबाजूच्या तीन गावांना बियाणं म्हणून जायचं होतं. त्याच हंगामात पीक पाहणीची यादी आली. पीक पाहणी म्हणजे काय, ते सोप्या भाषेत सांगते. दर हंगामात गावातला एक नेमलेला माणूस मोबाइल घेऊन प्रत्येक रानात जातो, उभ्या पिकाचा फोटो काढतो आणि नोंद करतो. तीच नोंद पुढं उताऱ्यावर चढते. विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, बीजोत्पादन, सगळं त्या एका नोंदीवर चालतं. तुमच्या रानात काय आहे याला महत्त्व नाही. नोंदीत काय आहे याला आहे. म्हणून यादी लागली की आपलं नाव बघायचं, आणि चूक असली तर मुदतीत हरकत द्यायची.

मी बाजाराच्या दिवशी यादी वाचत होते. हौसाक्काच्या नावाशी आले आणि अडखळले.

"काय लिवलंय?" तिनं विचारलं.

"पडीक," मी म्हटलं.

ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करते. मग माझं तोंड बघून तिचं हसू गेलं. पाहणीवाल्यानं रस्त्यावरूनच फोटो काढला होता, आणि तोही शेजारच्या रिकाम्या तुकड्याचा. पडीक जमिनीत बीजोत्पादन कसलं. नोंद तशीच राहिली असती तर तिचं सगळं पीक बियाणं म्हणून बाद झालं असतं, आणि तीन गावांच्या पेरणीचा हिशेब चुकला असता. हरकतीला चार दिवस उरले होते. मी तिथंच अर्ज लिहिला, तिनं अंगठा उठवला.

पाहणीला साहेब स्वतः आले. त्यांना चिखलात उतरायची फारशी सवय नव्हती, पण नियमात प्रत्यक्ष पाहणी लिहिली होती, तेव्हा ते बूट हातात घेऊन उतरले. सोयाबीन त्यांच्या कमरेच्या वर आलं होतं. शेंगांचे घोस लागलेले. एका हातात बूट, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर अजून 'पडीक'. ते एकदा स्क्रीनकडं बघायचे, एकदा पिकाकडं.

हौसाक्का बांधावर उभी होती. तिनं बाजारातल्या कन्नडमध्ये, पण हात जोडून विचारलं, "साहेबरं, नीवु निंत जागा बीळ ऐतेन्री?" तुम्ही उभे आहात ती जागा पडीक आहे का हो, असा त्याचा अर्थ.

साहेबांना हसू आवरेना. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा हसताना बघितलं. "इल्ल अम्मा," ते म्हणाले, नाही. मग उभ्या पिकात चार ठिकाणचे फोटो काढून त्यांनी तिथंच नोंद दुरुस्त केली. परत येताना बांधावर बसून पाय पुसता पुसता मला विचारलं, "यादीत चूक आहे हे या बाईंना कळलं कसं? यांना वाचता येत नाही ना?"

"मी वाचून दाखवली, सर. जेवणाच्या सुट्टीत."

त्यांनी बूट घातले आणि निघाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी हजेरीचं एक रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं. वर लिहिलं होतं 'रैत तरबेती', शेतकरी प्रशिक्षण. "बाजाराच्या दिवशी अकरा ते बारा," ते म्हणाले. "जेवणाच्या वेळी जेवत जा." तेव्हापासून आमचं वाचन सरकारी झालं. रजिस्टरात पहिली सही सुभेदारांची, इंग्रजीत, हुद्द्यासह.

एका गोष्टीची रुखरुख मात्र राहिली. इतक्या वर्षांत मी वर कितीदा लिहिलं की नोटिशीची वाक्यं लहान करा, तारीख मोठ्या अक्षरात वर छापा. एकही वाक्य लहान झालं नाही. आणि माझ्या व्हरांड्यात चाळीस माणसं बसत, तेव्हा होबळीतली कितीतरी माणसं बसत नव्हती. त्यांच्या 'पडीक' नोंदी कुणी वाचल्या असतील, मला माहीत नाही.

निवृत्त होऊन मी अनगोळला कायमची आले. पहिलं वर्ष झोपण्यात आणि पाहुण्यांकडं जाण्यात गेलं. माझं माहेर कंग्राळी. वडिलांच्या मागं तिथलं रान माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर आहे. भाऊ रताळी करतो. मी त्या रानात वर्षातून दोनदा जाते, दोन्ही वेळा पिशवी घेऊन.

गेल्या पावसाळ्यात हौसाक्काचा फोन आला. "मॅडम, पिकाची यादी लागलीया. तुमच्या रानाचं बगितलासा न्हवं?"

"भाऊ बघतो ते."

"भाऊ बगतोय म्हणून तुमी सोडलासा, आणि अक्का बगतीया म्हणून त्यानं सोडलं आसंल. जावा, बगून या."

मी भावाला फोन केला. त्यानं खरोखरच विचारलं, "तू बघितली नाहीस?" आम्ही दोघं तिथल्या रयत संपर्क केंद्रात गेलो. कंग्राळी आता बेळगाव शहराला चिकटली आहे, आमच्या रानाच्या तिन्ही बाजूंना घरं झाली आहेत. यादीत आमच्या गट नंबरापुढं लिहिलं होतं 'बांधकाम'. रताळ्याचे वेल असलेल्या रानात सरकारनं आमचं घर बांधून दिलं होतं.

आयुष्यात पहिल्यांदा मी काउंटरच्या बाहेरच्या बाजूला रांगेत उभी राहिले. दीड तास. पुढच्या माणसानं मला मुदत कधी संपते ते विचारलं, मी सांगितलं, त्यानं मागच्याला सांगितलं. हरकतीचा अर्ज दिला आणि घरी आले. संध्याकाळी हौसाक्काला कळवलं.

"ब्येस," ती म्हणाली. "पोच घेतलासा?"

मी उगाच पर्स चाचपली.

"मॅडम?"

"राहिली. गर्दी होती."

"आवं, आर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेऊन ती आपल्याकडं ठेवायची आसती. उद्या जावा आणि घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी गेले आणि पोच घेऊन आले. आठवड्यानं गावातल्या हरकती बघायला पाहणीचा माणूस आला, त्याला भावानं आमच्याही रानात आणलं. बांधावर उभं राहून त्यानं मोबाइल चाळला आणि म्हणाला, "तुमची हरकत आलेली दिसत नाही, बाई. अर्ज दिलात का नक्की?"

मी पर्समधून पोच काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती पुढून बघितली, मागून बघितली, शिक्का उन्हाकडं धरून तारीख वाचली. मग चपला काढून बांधावर ठेवल्या आणि रताळ्याच्या सरीत उतरला.